शहीली वाऱ्यातल्या चकत्या

मोनास्तिरच्या विज्ञान महाविद्यालयाच्या फाटकाशी पहारेकऱ्याने वहीदा मज़ूगीला अडवलं आणि अदबीने विचारलं, "कुणाची आई तुम्ही? वर्ग सुटायला वेळ आहे अजून."

"अजून तरी कुणाची नाही," वहीदा म्हणाली. "शिकायला आलेय."

पहारेकरी ओशाळला. त्याने खुर्ची सोडून स्वतः जिना दाखवला. पुढे त्या दोघांचं चांगलं जमलं, पण पहिल्या दिवशी तो जिना चढताना वहीदाचे कान तापले होते. वयाची सदतिशी उलटलेली, हातांच्या नखांभोवती निळसर रंग कायमचा मुरलेला, आणि खांद्याला पिशवी अडकवून ती पोराटोरांच्या मागून चालली होती.

ती क्सार हेलालची. त्या गावात दर तिसऱ्या घरात कापडाशी काहीतरी नातं असतं. तिची आई शेरीफा शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर जोडायची. वडील लवकर गेले. वहीदाने रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा शेरीफाने गल्लीभर मिठाई वाटली होती. नंतर मास्तरकीच्या परीक्षा झाल्या, एक झाली, दुसरी झाली, पुढच्या तर वहीदा स्वतःच मोजायची थांबली. जागाच निघायच्या नाहीत, निघाल्या तर दूरच्या, आणि त्यासुद्धा दुसऱ्यांच्या पदरात पडायच्या. शेवटी हाजी अब्दस्सलामच्या रंगशाळेत ती कामाला लागली आणि तिथेच तिची उमेदीची वर्षं गेली. लोकरीला रंग चढवायचा तर हौदातलं पाणी किती आंबट हवं, हे बघायचं तिचं काम. बायका तिला गमतीने 'रंगवाली डॉक्टर' म्हणायच्या. तिला ते लागायचं, पण ती हसून घ्यायची.

एकदा विद्यापीठातले प्राध्यापक तौफिक, ज्यांना सगळे मानाने सी तौफिक म्हणत, आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन रंगशाळेच्या सांडपाण्याचे नमुने न्यायला आले. वहीदाने त्यांना बाटल्या भरून दिल्या आणि बाटल्या देता देता विचारलं, की तोच रंग, तेवढंच आंबट पाणी, तरी लोकर एका तऱ्हेने वागते आणि नायलॉन दुसऱ्या तऱ्हेने, हे कसं? सी तौफिक उत्तर द्यायला लागले आणि मध्येच थांबले.

"तू शिकलीस किती?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं.

"मग इथे काय करतेस?"

"पगार घेते," वहीदा म्हणाली.

ते हसले. जाताना एवढंच म्हणाले, "पुढे शिकायचं मनात असेल तर ये. वय विचारणार नाही." वहीदाने ते वाक्य वर्षभर मनात घोळवलं आणि मग ती गेली.

प्रयोगशाळेत काम चाललं होतं ते विहिरींचं पाणी तपासणाऱ्या एका बारक्या यंत्राचं. नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा पाण्यात बुडवायचा आणि पाणी आंबट आहे की खारट-तुरट, ते त्याने सांगायचं. तारा, वीज, आकडे हा भाग इनेस नावाच्या मुलीकडे होता. ती सव्विशीची, हुशार, बोलायला चटपटीत आणि सदा घाईत. वहीदाकडे आलं ते सिलिकॉनचं अंग. नुसत्या सिलिकॉनला पाण्यातलं काही उमगत नाही. त्याच्यावर अमाइन गटांची साय धरवावी लागते, एका रेणूच्या जाडीची, दुधावरच्या सायीपेक्षा लाखपट पातळ. हे अमाइन गट आंबट पाण्यात प्रोटॉन धरून बसतात आणि अल्कली पाण्यात सोडून देतात. त्यांच्या या धरण्या-सोडण्यावरच सगळं यंत्र उभं.

साय नीट धरली का, हे बघायची रीत वहीदाला फार आवडली. सिलिकॉनच्या आरशासारख्या चकतीवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि बाजूने त्याचा फोटो काढायचा. पाणी आंबट असलं की गटांनी प्रोटॉन धरलेले असतात, पृष्ठभागाला पाण्याची ओढ लागते आणि थेंब पसरून सपाट बसतो. पाणी अल्कली असलं की थेंब अंग चोरतो, फुगून उभा राहतो. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, थोडा थोडा वाढवत असे थेंब ठेवत गेलं की कागदावर एक रेषा उमटते. आधी सपाट, मग एका ठिकाणी वळण, मग पुन्हा सपाट. ते वळण कुठे येतं त्यावरून कळतं, की या पृष्ठभागाने प्रोटॉन कुठे सोडला.

वळण यायला मात्र हवं. वहीदाच्या चकत्यांवर ते आज एकीकडे यायचं, उद्या दुसरीकडे, आणि परवा यायचंच नाही. साय धरवायचं रसायन, सिलेन, एकाच बाटलीतलं, एकाच खोक्यातल्या चकत्या, तीच बरणी, तीच वेळ. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर गुळगुळीत साय असायच्या जागी पांढरे गठ्ठे, भात लागल्यासारखे. तिने पाणी बदललं. बरण्या बदलल्या. साबण बदलला, मग साबणच बंद केला. सी तौफिकांनी दुसऱ्या देशातून सिलेनची नवी बाटली मागवली, ती येईपर्यंत ऋतू बदलला आणि बाटली आल्यावरही गठ्ठे तसेच.

याची झळ इनेसला बसायची. वहीदाच्या चकत्यांवर तिचं यंत्र चालायचं, आणि यंत्र सकाळी एक बोलायचं, दुपारी दुसरं.

"लल्ला वहीदा," एक दिवस ती म्हणाली. लल्ला हा मोठ्या बाईला मान देणारा शब्द, पण इनेसच्या तोंडी तो कसा पडेल याचा नेम नसायचा. "राग मानू नका हं. पण रंगशाळेत बादल्यांचं काम असतं. इथे हात हलका लागतो."

खोलीतली दोन-तीन पोरं खाली बघायला लागली. वहीदा चिमट्याने चकती उचलत होती, तिने ती आधी जागेवर ठेवली.

"माझा हात हलका नाही म्हणतेस?"

"मी कुठे म्हणते? चकत्या म्हणतात."

वहीदाने चकती पुन्हा उचलली आणि हातातलं काम पुरं केलं. घरी गेल्यावर मात्र तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. शेरीफाने ताट परत तिच्यापुढे ढकललं.

"कोण काय बोललं?"

"कोणी नाही, उम्मी. हाजींचा निरोप आलाय. माझ्या जागी ठेवलेला माणूस टिकत नाहीये. परत येतेस का विचारतात."

"आणि तू?"

"जावं म्हणते."

शेरीफाने भाकरीचा तुकडा हरिसाच्या तिखट चटणीत बुडवला, सावकाश खाल्ला. "जा की. मीही गल्लीत सांगते, पोरीला मोठ्या शाळेतून काढून टाकलं."

"काढलं नाहीये."

"मग काढेपर्यंत थांब. स्वतःच्या पायाने निघून आलीस तर त्यांचं काम वाचेल." एवढं बोलून ती उठली आणि चहा ठेवायला गेली. शेरीफाची समजूत घालण्याची पद्धत अशी होती. वहीदाला हसू आलं आणि ताटही संपलं.

त्याच उन्हाळ्यात तिच्या मामेबहिणीचं लग्न निघालं. घर पाहुण्यांनी भरलं. वहीदा दिसली की प्रत्येक मावशीला, आत्याला एकच प्रश्न सुचायचा, आणि तो विचारताना त्या आवाज अगदी हळू करायच्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू जायचा. वरून शहीली सुटलेला. शहीली म्हणजे वाळवंटातून येणारा दक्षिणेचा वारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. मेंदी लावता लावता वाळत होती. ओठ फुटत होते. वहीदाने प्रयोगशाळेत तातडीचं काम निघाल्याची थाप मारली आणि सटकली.

प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. एवढ्या उन्हात कोण येणार? करायचं काही नव्हतं म्हणून तिने चकत्या धुतल्या, भट्टीत सुकवल्या, बरणीत ठेवल्या, सिलेनचा थेंब सोडला, झाकण लावलं. संध्याकाळी थेंब ठेवून बघितले तर रेषा अशी उमटली, जणू पुस्तकातूनच उचललेली. एकच वळण, स्वच्छ. दुसरी चकती घेतली, वळण त्याच जागी. तिसरीचंही तिथेच. वहीदा स्टुलावर बसली आणि रिकाम्या खोलीत स्वतःशीच हसत राहिली.

पुढच्या आठवड्यात सी तौफिकांसमोर तिने तेच सगळं तसंच्या तसं केलं. गठ्ठे आले. तिला भूमीने पोटात घ्यावं असं झालं.

"होतं असं," सी तौफिक म्हणाले.

"त्या दिवशी झालं होतं, खरंच."

"मी खोटं कुठे म्हणतो?"

पण इनेसने खिडकीबाहेर बघितलं, आणि ते वहीदाला दिसलं.

उन्हाळा सरता सरता शहीली पुन्हा एकदा आला. वहीदा सकाळी बसमधून उतरली तेव्हा रस्त्यावर धूळ उडत होती आणि तिने डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. तिचे ओठ पुन्हा फुटले होते. ओठांवरून जीभ फिरवताना तिला त्या लग्नाचा दिवस आठवला, मेंदी वाळत होती तो. ती फाटकातून आत गेली, पहारेकऱ्याच्या सलामाला उत्तर द्यायचंही विसरली, आणि तडक कामाला लागली. दुपारपर्यंत चकत्या तयार झाल्या. वळण आलं, स्वच्छ, मागच्या खेपेला आलं होतं त्याच जागी.

ती धावतच सी तौफिकांच्या खोलीत गेली.

"हवा," ती म्हणाली. "समुद्रावरचा वारा असला की बिघडतं, शहीली असला की जमतं. हवेतला ओलावा बरणीत शिरतो. सिलेनचे रेणू चकतीला धरायच्या आधी त्या ओलाव्याने एकमेकांनाच धरतात. म्हणून गठ्ठे."

सी तौफिकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ओलावा वाईट, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. मीच शिकवतो ते. म्हणून तर बरणीत शोषक ठेवतो आपण."

"बरणी बंद केल्यावर तो काम करतो. चकत्या भट्टीतून काढून बरणीत जाईपर्यंत काय? सिलेनची बाटली उघडी असते तेव्हा काय? आपण समुद्रापासून दगड मारला तर पडेल इतक्या अंतरावर आहोत."

सी तौफिकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "ह्यात नवीन काही नाही. लाज वाटावी इतकं जुनं आहे, आणि मी इतकी वर्षं इथे बसून त्याच्याकडे कानाडोळा केला." ते खिडकीपाशी गेले. "पण दोन वेळा जमलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. कोरड्या हवेची बंद पेटी पाहिजे. अर्ज टाकतो. मंजूर कधी होईल ते मात्र विचारू नकोस."

"पेटी येईपर्यंत मी नेफ्ट्याला जाऊन येते."

"कुठे?"

"नेफ्ट्याला. तिथे हवा कोरडीच असते. माझी मैत्रीण मब्रूका तिथल्या शाळेत रसायन शिकवते. शाळेला प्रयोगशाळा आहे, भट्टी आहे. सिलेनची छोटी बाटली आणि चकत्या घेऊन जाते, साय धरवून आणते. एकदा धरली की ओल्या हवेला ती दाद देत नाही."

सी तौफिकांना हसू आवरेना. आवरल्यावर ते म्हणाले, "वाळवंट हीच पेटी म्हणायची." मग गंभीर होऊन त्यांनी एक अट घातली, आणि ती रास्त होती. वहीदा नेफ्ट्यात चकत्या करेल त्याच दिवशी मोनास्तिरात दुसऱ्या कुणीतरी त्याच सिलेनने, त्याच खोक्यातल्या चकत्या करायच्या. त्याशिवाय दोष हवेचा की आणखी कशाचा, हे कळणार नाही.

"मी करते," इनेस दारातून म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "माझा हात हलका आहे."

स्टेशनापासून दक्षिणेला जाणाऱ्या सामायिक गाडीत वहीदा खिडकीशी बसली. चकत्यांचा डबा तिने मांडीवर धरला होता. गाडी भरेपर्यंत निघत नाही, आणि भरायला जो वेळ लागला त्यात शेजारच्या जाड्या बाईने डब्याकडे चांगलं निरखून घेतलं.

"बकलावा का?"

"नाही. काचेसारख्या चकत्या आहेत."

"मुलीच्या रुखवतात द्यायच्या?"

"प्रयोगाला."

बाईने थोडा विचार केला. "मुलीच्या रुखवतात दिल्या असत्या तर शोभल्या असत्या," असं म्हणून तिने वहीदाला पिशवीतून उकडलेलं अंडं काढून दिलं. कैरुआन मागे पडलं, गफ्सा मागे पडलं, झाडं विरळ होत गेली. खाऱ्या तळ्याचा पांढरा पट्टा दिसायला लागला तेव्हा वहीदाने काच खाली केली. हवा इतकी कोरडी होती की नाकात टोचली. तिला हायसं वाटलं.

मब्रूका थांब्यावर उभी होती. कॉलेजात दोघी एका खोलीत राहायच्या, त्याला आता जमाना लोटला होता. मब्रूकाने तिला मिठी मारली, मग हाताच्या अंतरावर धरून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"म्हातारी झालीस की."

"तू कुठे तरणी राहिलीस?"

"मी लग्न केलंय, मला माफ आहे." घरी तिने कांदा-मिरची भरलेली गरम मतबगा रोटी ताटात ठेवली आणि वहीदा जेवेपर्यंत तिला एक अक्षर बोलू दिलं नाही.

मुख्याध्यापकांची परवानगी मब्रूकाने आधीच काढली होती. त्यांनी एवढंच सांगितलं, की काम मुलींना बघू द्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी वहीदाभोवती शाळेच्या पांढऱ्या-निळ्या झग्यांचं कडं पडलं. तिने चकत्या गरम अमोनिया आणि पेरॉक्साइडमध्ये धुतल्या, भट्टीत वाळवल्या, बरणीत ठेवल्या. सिलेनचा थेंब सोडून तिने मब्रूकाकडे बघितलं. मब्रूकाने झाकण स्वतः लावलं.

बरणी उघडल्यावर थेंबांचा फोटो काढायचं यंत्र तिथे नव्हतं, पण डोळे होते. एका चकतीवर वहीदाने व्हिनेगर टाकलेल्या पाण्याचा थेंब ठेवला, शेजारी सोडा टाकलेल्या पाण्याचा. पहिला पसरून बसला. दुसरा फुगून उभा राहिला. मुलींनी डोकी इतकी पुढे घातली की मब्रूकाला त्यांना मागे ओढावं लागलं.

"पाणी तर पाणीच," एक सडपातळ मुलगी म्हणाली. तिचं नाव रिहाब. "मग याला चकती आवडते आणि त्याला आवडत नाही, असं कसं?"

"पाण्याने चकती बदलते," वहीदा म्हणाली. "आंबट पाण्यातून तिला प्रोटॉन मिळतात. प्रोटॉन धरले की तिच्यावर भार येतो, आणि भार असला की ती पाण्याला ओढते."

"सगळे गट एकदम धरतात?"

वहीदा त्या मुलीकडे बघत राहिली. हाच प्रश्न तिने स्वतः सी तौफिकांना विचारला होता, पण त्यासाठी तिला वर्ष लागलं होतं. "नाही," ती म्हणाली. "एकाने धरला की शेजारच्याला धरणं जड जातं. भाराला शेजारी तसाच भार नको असतो. म्हणून मोकळ्या पाण्यात हेच गट जितक्या सहज प्रोटॉन धरतात, तितक्या सहज चकतीवर धरत नाहीत. दाटीवाटीने बसलेत ना."

"मग त्यांना लांब लांब बसवायचं," रिहाब म्हणाली.

"ते करायचंय अजून," वहीदा म्हणाली.

ती परतली तेव्हा मोनास्तिरात समुद्रावरून दमट वारा येत होता आणि भिंतींना घाम फुटला होता. सी तौफिक, इनेस आणि ती अशी तिघं यंत्रापाशी बसली. आधी इनेसच्या चकत्या घेतल्या. पहिलीवर वळण नव्हतं. दुसरीवर भलतीकडे होतं. तिसरीवर रेषाच अशी धावली, की सी तौफिकांनी नुसती मान हलवली. सूक्ष्मदर्शकाखाली गठ्ठेच गठ्ठे. इनेसचा चेहरा पडला.

मग नेफ्ट्याच्या चकत्या. पहिल्या चकतीचं वळण जिथे आलं तिथेच दुसऱ्या चकतीचं. तिसरीच्या वेळी वहीदा उठून सिंकपाशी जाऊन उभी राहिली, तिला बघवत नव्हतं.

"ये इकडे," सी तौफिक म्हणाले. "सगळ्या एका ओळीत आहेत."

मग इनेस उठली, वहीदाजवळ गेली आणि तिने आपले दोन्ही हात पुढे धरले.

"बघा बरं, लल्ला वहीदा. बादल्या उचलायला चालतील का?"

वहीदाने तिच्या हातावर हलकीशी चापट मारली. इनेसचे डोळे भरून आले होते, तरी ती हसत होती. त्या दिवसापासून ती तिला नुसतं 'वहीदा' म्हणायला लागली, आणि वहीदाला ते जास्त मानाचं वाटलं.

कोरड्या हवेच्या पेटीची मंजुरी काही आली नाही. वहीदाच्या धाकट्या बहिणीचा नवरा नबील मिठाईच्या दुकानांसाठी काचेची कपाटं बनवायचा. त्याला पेटीचं चित्र काढून दाखवलं तर तो म्हणाला, "बकलावा ठेवायचा नाही, मग एवढं घट्ट कशाला?" तरी त्याने केली, हात घालायला भोकं ठेवली आणि भोकांना रबरी हातमोजे चिकटवले. पहिली पेटी गळायची. ओलावा मोजायचं यंत्र आत ठेवून बघायची अक्कल इनेसची. काटा खाली यायचा आणि तासाभरात पुन्हा वर चढायचा. नबीलने कुरकुर करत सांधे पुन्हा भरले, इनेसने भट्टीत तापवलेला शोषक आत रचून ठेवला, आणि एका दमट, चिकट दुपारी, बाहेर कपडे वाळत नव्हते तेव्हा, त्या पेटीत वहीदाने चकत्या केल्या. रेषा नेफ्ट्यासारखीच आली. तेव्हा सी तौफिकांनी खाली जाऊन सगळ्यांसाठी ब्रिक आणले, पातळ पारीत अंडं भरून तळलेले, आणि खाताना त्यांच्या कोटावर पिवळं सांडलं.

पुढची वर्षं कामात गेली. अमाइन गटांच्या मधे मधे तटस्थ, प्रोटॉनशी देणंघेणं नसलेले रेणू बसवून वहीदाने गटांची दाटी कमी केली. जसजशी दाटी कमी झाली तसतसं रेषेवरचं वळण मोकळ्या पाण्यातल्या आकड्याकडे सरकत गेलं. हेच तिच्या प्रबंधाचं मुख्य काम झालं. कधी दोन पावलं पुढे, कधी एक मागे. मधेच शेरीफा पडली आणि तिचा गुडघा दुखावला, तेव्हा वहीदाचे महिने वाया गेले. पण वाऱ्यावर अवलंबून राहणं संपलं होतं.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला शेरीफा पहिल्या रांगेत बसली, नवा झगा घालून. परीक्षक फ्रेंचमध्ये बोलत होते आणि तिला त्यातलं फार कळत नव्हतं. एका परीक्षकाने कठीण प्रश्न विचारला, वहीदा क्षणभर अडखळली, तेव्हा शेरीफाने शेजारच्या इनेसला दंडाला धरून विचारलं, "हा माणूस भांडतोय का?"

"नाही, खाला. तो विचारतोय."

"मग तोंड का वाकडं केलंय?"

वहीदाने उत्तर दिलं, सावकाश, शांतपणे. परीक्षकाने मान डोलावली. निकाल सांगितल्यावर शेरीफाने अशी काही ललकारी दिली, जिभेची, लांबलचक, लग्नघरातल्यासारखी, की शेजारच्या वर्गातले विद्यार्थी बाहेर आले. सी तौफिक टाळ्या वाजवत होते. दारापाशी फाटकावरचा पहारेकरीही येऊन उभा राहिला होता, टोपी काढून.

डॉक्टर झाली म्हणून नोकरी दारात उभी नव्हती. मोनास्तिरात जागा निघाली नाही. सूसमध्ये निघाली ती दुसऱ्याला मिळाली. वहीदा एव्हाना चव्वेचाळीस वर्षांची होती आणि हाजी अब्दस्सलाम अजूनही निरोप पाठवायचे, आता मात्र 'डॉक्टर बाई' म्हणून, मनापासून. मग नेफ्ट्याजवळच्या तोझरच्या तंत्र संस्थेत खजुराच्या बागांच्या पाण्यासाठी एक कामाची जागा निघाली. तिथल्या खोल विहिरींचं पाणी वर्षागणिक बिघडत होतं, आणि कुठलं पाणी कुठल्या बागेला द्यायचं हे कुणालातरी सतत मोजत राहणं भाग होतं. जागा कायमची नव्हती. वहीदाने अर्ज केला आणि तिला बोलावणं आलं.

"एवढ्या लांब?" शेरीफा म्हणाली. "तिथे विंचू असतात."

"इथे मावश्या आहेत, उम्मी."

शेरीफाला हसायचं नव्हतं, पण ती हसली. हिवाळ्यात गुडघा दुखतो आणि तोझरला ऊन चांगलं, असं कारण काढून ती स्वतःही गेली. तिथल्या शेजारणीशी तिचं पहिल्याच आठवड्यात कुस्कुसात भोपळा घालावा की नाही यावरून वाजलं, आणि महिन्याभरात दोघी एका ओसरीवर बसून तेच भांडण रोज नव्याने करू लागल्या.

वहीदा सकाळी बागांमधून फिरते. इनेस मोनास्तिरहून यंत्रं पाठवते, बिघडली की फोनवर वाद घालते. अमोर नावाचा एक म्हातारा बागवान सुरुवातीला वहीदाला विहिरीजवळ फिरकू द्यायचा नाही. एका मोसमात तिच्या मोजणीवर भरवसा ठेवून शेजाऱ्याने एका विहिरीचं पाणी बंद केलं आणि त्याच्या झाडांनी पुन्हा कोवळे झाप धरले. त्यानंतर अमोर स्वतःच बाटलीत पाणी घेऊन संस्थेच्या दारात आला.

"डॉक्टरीणबाई, हे बघा जरा," तो म्हणाला. "चवीला मला ठीक लागतं, पण झाडं तोंड फिरवतायत."

वहीदाने बाटली उजेडात धरली, खुर्ची पुढे ओढली आणि त्याला बसायला सांगितलं. आतल्या खोलीत नेफ्ट्याच्या शाळेतली रिहाब, जी आता त्याच संस्थेत दुसऱ्या वर्षाला शिकत होती, यंत्राची तार सोडवत होती. वहीदाने तिला हाक मारून पाणी तिच्या हातात दिलं. अमोरने विचारलं, "ही पोर मोजणार?"

"ती मोजेल," वहीदा म्हणाली. "तोवर तुम्ही चहा घ्या."